देशाचा रकाना

जगातल्या प्रत्येक देशाच्या निदान एका लेखकाचं पुस्तक वाचायचं, असं मी स्वतःशी ठरवलं, त्या रात्री सर्वांत आधी पट्टी शोधली. नवी वही काढली आणि क्रमांक, देश, लेखक, पुस्तक, तारीख असे पाच रकाने आखले. ही माझी जुनी खोड. वाचण्यापेक्षा वाचनाच्या तयारीतच उत्साह जास्त.

पहिली ठेच क्रमांकाच्या रकान्यातच लागली. देश किती? संयुक्त राष्ट्रांचे सदस्य 193, त्यातला सर्वांत नवा दक्षिण सुदान, 2011 सालचा. व्हॅटिकन आणि पॅलेस्टाईन निरीक्षक म्हणून बसलेले. तैवान यात कुठेच नाही, आणि कादंबऱ्या तर तिथे रग्गड लिहिल्या जातात. शेवटी 196 वर मी यादी बंद केली. आठवड्याला एक धरलं तरी पावणेचार वर्षं.

हेच काम ॲन मॉर्गन या ब्रिटिश लेखिकेनं 2012 या एका वर्षात केलं होतं. म्हणजे आठवड्याला जवळजवळ चार पुस्तकं. साओ टोमे आणि प्रिन्सिपे या चिमुकल्या देशाचं इंग्रजीत काही मिळेना, तेव्हा स्वयंसेवकांनी एक पोर्तुगीज पुस्तक आपसांत वाटून घेऊन खास तिच्यासाठी भाषांतरित केलं. हे वाचून मला स्फूर्ती यायला हवी होती. आलं ते दडपण. मी पट्टी जागेवर ठेवली आणि वाचायला बसलो.

सुरुवात इवो आंद्रिचपासून. ‘द्रिना नदीवरचा पूल’ ही त्याची 1945 सालची कादंबरी. सोळाव्या शतकात विशेग्राड गावी एक वजीर दगडी पूल बांधवतो. हा वजीर त्याच मुलखातला. लहानपणी आईवडिलांपासून तोडून तुर्की सुलतानाच्या चाकरीत नेलेला पोरगा. पुलाच्या मधोमध एक ऐसपैस जागा आहे, तिला म्हणतात कापिया. लोक तिथे बसतात, कॉफी पितात, गप्पा छाटतात. युद्धाच्या काळात त्याच जागी मुंडकी टांगली जातात आणि काही दिवसांनी लोक पुन्हा कॉफी प्यायला येऊन बसतात. कादंबरी साडेतीनशे वर्षं चालते, माणसं येतात आणि जातात, नायक एकच, पूल. मी संपवली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, आणि मोठ्या समाधानानं वही उघडली.

देश?

जन्म 1892 चा, बोस्नियातला, पण तेव्हा तिथे अंमल ऑस्ट्रिया-हंगेरीचा. आईवडील क्रोएट. स्वतः राहिला बेलग्रेडमध्ये, सर्बियाच्या राजधानीत. वकिलातींमधून नोकरी केली युगोस्लाव्हियाची, 1961 चं नोबेलही मिळालं ते युगोस्लाव्ह म्हणून, आणि तो देश आता नकाशावर नाही. बोस्निया लिहिलं, खोडलं. सर्बिया लिहिलं, खोडलं. तिसऱ्यांदा खोडरबर फिरवल्यावर कागद फाटला. पहिल्याच ओळीला भोक. शेवटी पूल ज्या देशात उभा आहे त्याचं नाव भोकाच्या कडेला लिहून टाकलं. माणसाला विचारण्यापेक्षा पुलाला विचारणं सोपं.

पुढे असे बरेच भेटले. अब्दुलरझाक गुर्ना जन्मला झांझिबारच्या सुलतानाच्या राज्यात. 1964 साली तिथे क्रांती झाली, बेट टांझानियात गेलं, आणि हा तरुणपणी ब्रिटनला जाऊन तिथलाच झाला. मी टांझानिया लिहिलं. ब्रिटनला लेखकांची काय वाण आहे?

लेखकाच्या रकान्याबद्दल मी मुळीच सावध नव्हतो. नाव काय, बघून लिहायचं. पण वही मराठीत होती. परकं नाव रोमन लिपीत डोळ्यांखालून निघून जातं. आपण ते वाचतच नाही, त्याचा आकार तेवढा ओळखतो. देवनागरीत ही लबाडी चालत नाही. ऱ्हस्व की दीर्घ, त की ट, सगळं ठरवावं लागतं, आणि ठरवण्यासाठी नाव एकदा मोठ्यानं उच्चारावं लागतं.

केनियाच्या ओळीवर मी असाच अडकलो. आपल्याकडे सहसा न्गुगी वा थिओंगो लिहितात. मीही तेच लिहिलं असतं, पण त्याच्या नावातल्या स्वरांवर नागमोडी टोप्या दिसल्या आणि चैन पडेना. शोधाशोध केल्यावर कळलं, की गिकुयू भाषेत टोपीवाला ‘यू’ म्हणजे ‘ओ’ आणि टोपीवाला ‘आय’ म्हणजे ‘ए’. मधला ‘वा’ म्हणजे ‘चा’, अमक्याचा मुलगा. आणि शेवटच्या शब्दातलं स्वल्पविराम वर टांगलेलं ‘एनजी’ म्हणजे चक्क आपला ङ! म्हणजे नाव साधारण ङ्गोगे वा दिऑङो.

ङ. पहिल्या ओळीच्या टोकाला नुसता बसून राहणारा. घ झाला की त्याच्या नावानं एक अनुनासिक हुंकार द्यायचा आणि च कडे वळायचं. उभ्या आयुष्यात त्याला मी एकाच ठिकाणी काम करताना पाहिलं होतं, ‘वाङ्मय’ या शब्दात. इथे तो एका नावात दोनदा हजर होता. मी तो तीनदा गिरवला. सवय नव्हती, शेजारचं टिंब राहून जायचं.

या माणसाचं पाळण्यातलं नाव आणि पुस्तकावरचं नाव यांचाही एक झगडा आहे. पहिल्या कादंबऱ्या जेम्स न्गुगी या नावानं आल्या. पुढे त्यानं जेम्स टाकून दिलं. गिकुयू भाषेतलं नाटक गावकऱ्यांना घेऊन बसवलं म्हणून 1977 च्या अखेरीस त्याला पकडून खटल्याविना तुरुंगात डांबलं. तिथे त्यानं गिकुयूतच कादंबरी लिहिली, शौचालयातल्या कागदावर. कागद खरखरीत होता, आणि लिहायला तेच सोयीचं पडलं. माझ्या वहीचा कागद गुळगुळीत, महागातला, आणि मी त्यावर याद्या करतोय, हे त्या रात्री जरा बोचलं.

आडनावाचा क्रम लावण्याचा बेत आइसलँडनं मोडला. तिथे आडनाव बहुतेकांना नसतंच. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, एवढंच. टेलिफोनच्या यादीतही माणसं पहिल्या नावानं लावलेली. कोरियाच्या हान कांगमध्ये आडनाव आधी. मी क्रम सोडून दिला.

आणि अल्बेनिया. इस्माइल कादारे अल्बेनियनमध्ये लिहायचा. त्याच्या बऱ्याच कादंबऱ्या आधी फ्रेंचमध्ये गेल्या आणि फ्रेंचमधून इंग्रजीत आल्या. फ्रेंच केलं होतं युसुफ व्रिओनीनं, ज्यानं स्वतः अल्बेनियाच्या तुरुंगात वर्षानुवर्षं काढली होती. मी ज्या वाक्यावर थांबून ‘वा!’ म्हटलं, ते नेमकं कोणाचं? वहीत या माणसांसाठी रकानाच नव्हता. समासात एक उभी रेघ मारली, पट्टीशिवाय, वाकडी, आणि तिथे बारीक अक्षरात भाषांतरकारांची नावं लिहायला लागलो.

नौरू आणि तुवालूच्या ओळी कोऱ्या आहेत. लोकसंख्या दहा-बारा हजारांच्या घरात, वाट बघू.

खरी पंचाईत वेगळीच. आंद्रिच संपल्यावर शिस्तीनं पुढच्या देशाला जायला हवं होतं. मी त्याचंच दुसरं पुस्तक उचललं. नियमाप्रमाणे त्याला ओळ नाही, बोस्नियाची जागा भरलेली. म्हणून ते वहीच्या मागच्या पानावर टिपलं, रकाने न आखता. मग तिथे न्गुगीचं दुसरं आलं, कादारेची तीन आली. आज मोजलं. पुढे 41 देश झालेत. मागच्या बाजूला 58 पुस्तकं, आणि पानं उलट्या दिशेनं पुढे सरकत चालली आहेत.