विकतचा समुद्र

परवा दुपारी माशांच्या टाकीचे पाणी बदलायचे म्हणून मी पिंपात मीठ ढवळत बसलो होतो. तेवढ्यात खिडकीतून ओहोटीचा वास आला आणि हातातली काठी थांबली. आमच्या मालवणच्या घरापासून समुद्र दोनशे पावलांवर आहे, आणि मी मात्र आरओच्या पाण्यात कुरियरने आलेले मीठ लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबाने विरघळवून समुद्र तयार करीत होतो. साडेचारशे लिटरची टाकी प्रथम भरली, तेव्हा सोळा-सतरा किलो मीठ लागले होते. ज्या शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, ते आमच्याच जिल्ह्यातले. त्यामुळे पुडा फोडताना मला दर वेळी थोडी लाज वाटते. पण मिठागरातले मीठ इथे चालत नाही, कारण टाकीतल्या पोवळ्यांना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही मोजून लागते. दारचे पाणी भरून आणावे, तर पावसाळ्यात खाडीचा गढूळ लोंढा त्याची चवच बदलून टाकतो.

हा सगळा खटाटोप लामार्क एंजलफिशच्या एका जोडीसाठी आहे. एंजलफिश म्हटले की भांडकुदळ आणि पोवळ्यांचे लचके तोडणारा मासा, अशीच त्याची ख्याती; ही जात मात्र उघड्या पाण्यात तरंगणारे बारीक जीव टिपून पोट भरते आणि शेजारपाजाऱ्यांच्या वाटेला सहसा जात नाही. मी आणल्या तेव्हा दोन्ही माद्या होत्या. काही महिन्यांनी थोरलीचे पोटाखालचे पर काळे पडले, शेपटीची टोके लांबली आणि ती नर झाली. आमच्या घरात कुरबुरीवाचून झालेला सत्तापालट तेवढाच. त्यांना दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे खायला द्यावे लागते. त्यामुळे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असताना आम्ही सुक्या बांगड्यावर दिवस काढतो आणि ही दोघे फ्रीजरमधली कोळंबी खातात. घरच्यांनी यावर काही बोलायचे आता सोडून दिले आहे.

लहानपणी खडपातल्या डबक्यातून मी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा एक मासा लोणच्याच्या बरणीत धरून आणला होता. पडवीतल्या उन्हात ती बरणी ठेवून मी तासन्‌तास तिच्याकडे पाहत राहिलो. आजीने एकदाच डोकावून म्हटले, “मेल्या, मासो खावचो आसता, बघूचो नाय.” संध्याकाळपर्यंत पाणी कोमट झाले आणि मासा उलटा तरंगू लागला. तो मी परसात टाकणार, तोच आजीने मला बरणीसकट किनाऱ्यावर पिटाळले. “दर्याचा ता दर्याक दी,” एवढेच ती म्हणाली.

टाकीतले जुने पाणी मात्र मी दर्याला देत नाही. परक्या समुद्रातल्या माशांचे रोगराईचे पाणी इथे नको, म्हणून ते माडांच्या आळ्यात ओततो. माडाला नाहीतरी आपल्याकडे मीठ घालतातच. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्याखाली खरी पोवळी आहेत, पण त्यांना हात लावायला कायद्याने बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. माझ्या टाकीतली पोवळी मऊ जातीची, तीही कुणाच्या तरी टाकीत वाढलेल्या तुकड्यांतून आलेली.

त्याच संध्याकाळी शेजारचे काका नारळ न्यायला आले. चाळीस वर्षे होडीवर गेलेला माणूस; टाकीसमोर उकिडवे बसून त्यांनी त्या जोडीला बराच वेळ निरखले. त्यांचे पट्टे पाहिले, शेपट्या पाहिल्या, दोनदा मान हलवली. मी मीठ, मॅग्नेशियम, मादीचा नर कसा होतो, असे सगळे सांगत सुटलो. काकांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

“बरो आसा,” ते उठता उठता म्हणाले, “पण खाऊक कसो लागता?”

तीन वर्षे मी या माशाविषयी मिळेल ते वाचत आलो आहे. हे कुठेच लिहिलेले नव्हते.