कुंडीची झूल: पोळ्यापासून पळस फुलेपर्यंत

कुंड्यांना मी क्रोशानं कव्हरं विणते आहे, त्याची आधी सध्याची स्थिती सांगते. ओसरीवरच्या सहा इंची कुंड्या सगळ्या सजल्या, आठ इंचीचं काम सुईवर आहे आणि टांगत्या कुंड्यांचा नाद मी सोडला आहे. कारण वानरं. आमच्या हिंगणघाटकडच्या गावात त्यांचा कळप पेरूच्या झाडावर उतरतो, आणि लोंबणारी कुठलीही वस्तू त्यांना ओढून बघावीच लागते. ज्यांच्या गावात वानरं नाहीत त्यांनी खुशाल टांगा.

पोळ्याच्या सुमारास

सुरुवात सुतळीनं केली, कारण लोकर तालुक्याला जाऊन आणावी लागते आणि सुतळी गावातच मिळते. सोयाबीन-तुरीची पोती शिवायला ती लागतेच. घेताना तीनपदरी घ्या. दोनपदरीचं कव्हर मऊ पडतं, उभं राहत नाही. नव्या सुतळीला रॉकेलसारखा वास येतो. कारखान्यात ताग मऊ करायला तेल लावतात, त्याचा तो वास. दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकली की बराचसा जातो, पण गुंडा उलगडून टाकायचा, नाहीतर आतला वास आतच राहतो. विणताना बारीक तंतू उडतात, म्हणून हे काम घरात नको, अंगणात बरं. तर्जनीला सुती चिंधी गुंडाळा. शेवटी धाग्याची टोकं आत ओवायला क्रोशाच्या पाकिटातली सुई चालत नाही, पोती शिवायचा दाभणच लागतो.

सुई मी ६ मिलिमीटरची वापरते. माझ्या हातानं १० मुके खांब (क्रोशाचा आखूड, घट्ट टाका) ८ सेंटिमीटर भरतात. तुमचा हात सैल असेल तर जास्त भरतील, घट्ट असेल तर कमी. म्हणून आधी तळहाताएवढा तुकडा विणून मोजून घ्या, पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे.

सहा इंची कुंडी म्हणजे वरच्या तोंडाचा व्यास सहा इंच, सुमारे १५ सेंटिमीटर. त्याला ३.१४ नं गुणलं की घेर ४८ सेंटिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे माझ्या हातानं ६० टाके. माझ्याकडच्या कुंड्यांचा तळ १० सेंटिमीटरचा आहे, त्याचा घेर साडेएकतीस, म्हणजे ४० टाके. सुतळी लोकरीसारखी ताणत नाही, म्हणून तळाला ४२ धरले. लोकरीत उलट करावं लागतं: घेरापेक्षा थोडे कमी टाके, म्हणजे कव्हर अंगाला बसतं.

सगळीकडं सांगतात तसा आधी तळ विणला: मध्यात ६ मुके खांब, मग १२, १८, असं दर फेऱ्याला सहा वाढवत ४२ पर्यंत. मग एक फेरा टाक्याच्या फक्त मागच्या धाग्यातून, म्हणजे कडेला सुबक घडी पडते, आणि तिथून भिंत वर. दिसायला एकदम देखणं. सासूबाई बाजेवरून बघत होत्या. पहिल्यांदा म्हणाल्या, “कुंडीले थंडी वाजते काय वं?” मग पूर्ण झालेलं कव्हर हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, “याले तळ कायले पायजे? बैलाच्या झुलीले तळ असते काय?”

तेव्हा मी हसून सोडून दिलं. भाद्रपदातल्या दमट हवेनं त्यांची बाजू घेतली. कुंडीच्या भोकातून पाणी झिरपतं, ताटली आणि कुंडी यांच्यामध्ये ताग ओलाच राहतो, आणि ओला ताग बुरशी धरतो. भिंत चांगली होती, तळ तेवढा काळा पडून कुसला. प्लास्टिकची चकती घालून बघितली, तर पाणी चकतीवरच साचलं. साचलेल्या पाण्यात डासांची अंडी होतात ते वेगळंच. आठवड्याला ताटल्या रिकाम्या करून घासायच्या असतील तर कव्हर पटकन वर सरकलं पाहिजे, आणि तळवालं कव्हर काही सरकत नाही.

दिवाळीनंतर

म्हणून आता सगळं वरून खाली विणते, बिनतळाचं. ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी सहा इंचीचं सांगते.

६० साखळ्या, सैल हातानं. पीळ न पडू देता गोल जोडा. पहिला फेरा जाळीचा: एक खांब (मुक्या खांबाहून उंच टाका), एक साखळी, एक टाका सोडून पुन्हा खांब. ३० भोकं होतात, त्यातून दोरी जाते. पुढं सगळे मुके खांब, फेरा बंद न करता गोल गोल. फेऱ्याच्या सुरुवातीला सेफ्टी पिन लावून ठेवा. चार फेरे सरळ, मग एका फेऱ्यात सहा ठिकाणी दोन टाक्यांचा एक करून ५४. पुन्हा तसंच ४८, पुन्हा ४२. हे सहा ठिकाणचे टाके दर वेळी थोडे बाजूला सरकवा. एकाखाली एक आले तर कव्हराला सहा कोपरे पडतात आणि गोल कुंडीवर षटकोनी कव्हर अडून बसतं. मधूनमधून कुंडी आत घालून बघता येते, हा वरून विणण्याचा मोठा फायदा. ताटलीच्या वर एक बोटभर जागा राहिली की थांबायचं.

जाळीचा फेरा कुंडीच्या काठाच्या किंचित वर येऊ द्यायचा. दोरी ओढली की तो आत वळतो आणि सगळं कव्हर काठावर टांगलेलं राहतं. खालून वारा जातो, पाणी लागत नाही. दोरीच्या टोकांना सासूबाईंनी गोंडे करून दिले, बैलाच्या गोंड्यासारखेच, फक्त लहान. आता घरात त्याला कव्हर कोणी म्हणत नाही.

याच दिवसांत धुऱ्यावरची अंबाडी काढली. भाजीपुरती तर आम्ही दरवर्षी खातोच, या वेळी काड्या नाल्यात भिजत घातल्या आणि साल सुटल्यावर वाख, म्हणजे सालीचे तंतू, काढला. पूर्वी घरोघरी याचेच दोर वळायचे, सासूबाईंचा हात अजून विसरलेला नाही. मांडीवर पीळ देत त्यांनी जो दोरा करून दिला, तो विकतच्या सुतळीपेक्षा चकाकतो आणि रंगानं जास्त उजळ आहे. जाडी मात्र एकसारखी नाही. मला ते आवडतं, मोजून विणणाऱ्यांना त्रास होईल.

पिळाबद्दल एक गोष्ट इथं नीट कळली. उजव्या हातानं क्रोशा चालवताना दर टाक्याला धागा किंचित फिरतो. पीळ एका बाजूचा असेल तर तो हळूहळू सुटत जातो आणि सुई दोन पदरांच्या मध्ये घुसते; दुसऱ्या बाजूचा असेल तर उलट घट्ट होतो. सासूबाईंना मी दोन्ही बाजूंनी वळून मागितलं आणि शेजारी शेजारी विणून बघितलं. फरक डोळ्यांना दिसतो. तुमच्या एखाद्या दोऱ्याचे पदर सारखे सुटे होत असतील तर सुई बदलण्याआधी त्याचा पीळ बघा. डावखुऱ्यांना हे सगळं उलटं लागू पडेल.

वर्ध्याला काम निघालं तेव्हा मगन संग्रहालयात जाऊन आले. १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं हे संग्रहालय, तिथं चरख्यांचे नाना प्रकार मांडले आहेत. इतकी वर्षं कापूस वेचायचा आणि विकायचा एवढंच बघितलेलं, त्याचं सूत कसं होतं ते नीट उभं राहून मी तिथंच बघितलं. हाताच्या सुताचे सात-आठ पदर एकत्र धरून ३.५ मिलिमीटरच्या सुईनं विणलं तर लहान कुंडीला छान बसतं, पण ते घरातच. ओसरीवर काळ्या मातीचे शिंतोडे उडतात आणि पांढऱ्या सुतावरून ते जात नाहीत.

पळस फुलल्यावर

फाल्गुनात बांधाबांधावर पळस पेटतो, फुलं झाडाखाली पडलेलीच असतात. सूत आधी साबणानं धुऊन, तुरटीच्या पाण्यात रात्रभर ठेवलं. फुलं उकळून गाळली आणि त्या पाण्यात सूत मंद आचेवर तासभर. रंग पिवळाधमक येतो. सुतळीवर तोच रंग तपकिरीकडं झुकतो, कारण खालचा तागाचा रंग लपत नाही. थेट उन्हात पळसाचा रंग टिकत नाही, बिस्किटी होतो. ओसरीच्या आतल्या बाजूला अजून छान आहे. हळदीच्या फंदात पडू नका, ती उन्हापुढं पळसाइतकीही टिकत नाही.

लोकरीची गुलाबी-पोपटी फुलं लावलेली कव्हरं मी बघते, मेहनत दिसते त्यात. पण मला तिथं झाड दिसेनासं होतं. मनी प्लांटच्या हिरव्याला सुतळीचा रंग पुरे, फार तर काठाला पिवळी एक ओळ. हे माझं मत, भांडायला तयार आहे.

आता, चैत्रात

उन्ह चढलं तसा प्रश्न मातीच्या कुंड्यांचा आला. मातीच्या छिद्रांतून पाणी बाहेर येतं, उडून जातं आणि मुळं गार राहतात. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, त्या दिवसांत हा गारवा कोंडून चालणार नाही. शिवाय विहिरीचं पाणी जड, मातीवर पांढरे क्षार फुटतात आणि ते सुतळीतही उतरतात. म्हणून घट्ट मुक्या खांबांची झूल फक्त प्लास्टिकच्या कुंडीला. मातीच्या कुंडीला जाळी: दोन खांब, दोन साखळ्या, एवढीच मोकळी वीण. त्यासाठी जुनं सुती लुगडं फाडून बोटभर रुंदीच्या पट्ट्या केल्या. सुती लुगडं सरळ रेषेत फाटतं, कात्री फक्त सुरुवातीला लागते. ९ मिलिमीटरची सुई घेतली तर एका बैठकीत कुंडी होते. पाणी घालताना जाळीवरही शिंपडते, धुवायला काढणं सोपं आहे, आणि विटली तर घरात लुगडी अजून आहेत.

तुळशीला मात्र सासूबाई काही घालू देत नाहीत. तिथं माझा हिशोब चालत नाही.

आठ इंचीसाठी ८० साखळ्यांनी सुरुवात केली आहे, घटीच्या दर फेऱ्याला आठ टाके कमी. अर्धी झाली. चिमण्यांनी मात्र छळ मांडला आहे, ओसरीवरच्या झुलींतून तंतू उपसून वळचणीला घरटं चाललंय. काठावरचा फेरा त्यामुळं केसाळ दिसतो. तिथं तागाऐवजी वाखाचा दोरा लावून बघणार आहे, तो गुळगुळीत असल्यानं चोचीत कमी येईल असा अंदाज. घायपाताचा वाख त्याहून टणक असतो म्हणतात. कोणी तो विणला असेल तर सुई कितीची घेतली आणि आधी किती वेळ भिजवला, तेवढं सांगा.