चॅनेल बंद झालं तो शनिवार

7 ऑगस्ट 2010 ची गोष्ट. मी तेव्हा न्हावाशेवा बंदराला एका सीएचएकडे, म्हणजे मालाचं कस्टमचं काम करून देणाऱ्या एजंटकडे, डॉक्युमेंटेशन बघायचो. आमचे उन्हाळ कांद्याचे ट्रक नाशिकहून सीएफएसला, म्हणजे कंटेनर भरायच्या यार्डात, येऊन लागलेले, गोण्या कंटेनरमध्ये भरायचं काम चालू, वेसलची कट-ऑफ, म्हणजे जहाजासाठी माल आत द्यायची शेवटची वेळ, तोंडावर, आणि फोनवर फोन सुरू झाले की मुंबईजवळ समुद्रात दोन जहाजं आदळलीत. एमएससी चित्रा आणि खलिजिया. चित्रा कलंडली, तिच्यावरचे कंटेनर धडाधड पाण्यात पडले, काहींमध्ये कीटकनाशकं होती, वरून तेल गळायला लागलं.

मग कळलं बंदराकडे यायचा जहाजांचा मार्ग, म्हणजे चॅनेलच बंद केलंय. मुंबई पोर्ट काय आणि जेएनपीटी, म्हणजे आमचं न्हावाशेवा काय, मोठ्या जहाजांची आत यायची वाट एकच, आणि त्या वाटेत कुठे अर्धा बुडालेला कंटेनर असेल ते दिसत नाही, मग जहाज आणायचं कसं? देशातल्या मेजर पोर्ट्सच्या कंटेनरपैकी निम्म्याच्या वर माल तेव्हा एकट्या जेएनपीटीतून जायचा, आणि तो सगळा अडकला.

स्टफिंग, म्हणजे कंटेनर भरणं, थांबवलं. माथाडी तिथेच बसून राहिले, गोणी उचलली तर मजुरी, नाहीतर नाही. करळ फाट्याकडे ट्रेलरची रांग वाढतच चाललेली, टपरीवाले, पंक्चरवाले सगळे एकच विचारत होते, साहेब कधी चालू होणार? मला तरी कुठे माहीत होतं. एका ट्रकवाल्याने ताडपत्री बाजूला करून जाळीच्या गोणीतला कांदा माझ्या हातात दिला, वरून चांगला टणक दिसत होता पण मानेजवळ अंगठा दाबला तर आत गेला. पावसाळी दमट हवा, त्यात ताडपत्रीखाली कोंडलेला माल, दुसरं काय होणार. कांदाचाळीत महिनोन् महिने जपलेला माल तो, आणि ट्रकसोबत आलेले शेतकरी काका लासलगावला घरी फोन लावून नुसतं "थांबलंय, थांबलंय" म्हणत होते.

सगळ्यात वाईट मला आपल्या उरणच्या कोळ्यांचं वाटलं. या बंदरासाठी इथल्या लोकांच्या जमिनी गेल्या, खाडीतली मासेमारी आक्रसली, तरी उरलेल्या खाडीत जाळं टाकून जे मिळेल त्यावर ते जगत होते. गटारी दोन दिवसांवर, म्हणजे मासळीला भाव मिळायचे हेच दिवस, आणि नेमकं तेल पसरलं, मासे खाऊ नका अशा सूचना आल्या. आमच्या ऑफिसातली एक मावशी सांगत होती, भावाने पकडलेली कोळंबी बाजारात कोणी हातात पण घेईना.

चार-पाच दिवसांनी जहाजं हळूहळू सोडायला लागले. आधी बाहेर खोळंबलेली वेसल्स, मग आमचा नंबर. तोवर कांदा परत निवडावा लागला, सडका बाजूला काढून नव्या गोण्या भरल्या, त्या दोन रात्री माथाड्यांना काम मिळालं. एक्स्पोर्टरचा निदान इन्शुरन्सचा क्लेम तरी होता, त्याची कागदपत्रं मीच केली. कोळ्यांच्या बुडालेल्या धंद्याची नोंद करायला कुठला फॉर्म भरायचा हे मावशीने मला विचारलं, तेव्हा मी कस्टममधल्या ओळखीच्या दोघांना फोन केले, ते म्हणाले आमच्याकडे असं काही येत नाही, तहसीलदारांकडे पाठवा. मग मीच तिच्या भावाचा अर्ज लिहून दिला.