एलएसयूने कात टाकली तो २०१९चा मोसम

लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे एलएसयूच्या, अमेरिकन फुटबॉल संघाने २०१९च्या मोसमात पंधरापैकी पंधरा सामने जिंकले. मी त्या वेळी विद्यापीठाच्या गावी, बॅटन रूजमध्ये, राहत होतो. सामन्याच्या शनिवारी सकाळपासूनच मैदानाभोवती मोठमोठ्या बिडाच्या भांड्यांत जांबालाया हा मसालेदार भात शिजत असे आणि संध्याकाळपर्यंत लाखभर माणसे जांभळ्या-सोनेरी कपड्यांत टायगर स्टेडियमकडे लोटत. या मोसमाविषयी बोलताना लोक जो बरो या क्वार्टरबॅकचे, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूचे, नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्याआधी दोन प्रशिक्षकांविषयी लिहायचे आहे.

एलएसयूचा जुना खेळ धावण्यावर उभा होता. चेंडू धावपटूच्या हाती द्यायचा, दांडग्या खेळाडूंनी वाट मोकळी करायची आणि उरलेले काम भक्कम बचावावर सोपवायचे. या पद्धतीने त्यांना पुष्कळ विजय मिळवून दिले, पण अलाबामा विद्यापीठाच्या संघापुढे ती हतबल ठरत असे. जानेवारी २०१२मधल्या राष्ट्रीय अंतिम सामन्यापासून २०१८पर्यंत एलएसयू अलाबामाकडून सलग आठ वेळा हरले. त्यांतील २०१६ आणि २०१८चे सामने तर घरच्या मैदानावर होते आणि दोन्हींत त्यांना एकही गुण मिळाला नव्हता.

मुख्य प्रशिक्षक एड ऑर्जेरॉन हे लुइझियानाचेच भूमिपुत्र. २०१९च्या सुरुवातीला त्यांनी न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघातून जो ब्रेडी नावाच्या २९ वर्षांच्या साहाय्यकाला बोलावून घेतले. आक्रमणाची सूत्रे स्टीव्ह एन्स्मिंगर यांच्याकडे होती. ते वयाच्या साठीत होते आणि चार दशकांपूर्वी याच विद्यापीठाचे क्वार्टरबॅक राहिलेले होते. इतक्या अनुभवी माणसाला अर्ध्या वयाच्या मुलाने नवी पद्धत शिकवायची, यात मानापमानाचे नाटक रंगायला कितीसा वेळ लागतो? येथे ते घडले नाही. ब्रेडीने पाच-पाच खेळाडूंना मैदानभर पसरवून झेल घ्यायला पाठवणारी रचना आणली, एन्स्मिंगर यांनी ती मनापासून स्वीकारली आणि दोघांनी मिळून आक्रमण चालवले. माझ्या मते हा मोसम तेथेच निम्मा जिंकला गेला.

फरक आकड्यांत दिसतो. ओहायो स्टेट विद्यापीठात संधी न मिळाल्याने २०१८मध्ये एलएसयूत आलेल्या बरोने पहिल्या वर्षी १६ टचडाउन पास, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू पोहोचवून गुण मिळवून देणारे पास, दिले होते. दुसऱ्या वर्षी त्याने ६० दिले, आणि तो त्या वेळचा विक्रम होता. त्याच्या अचूक पासचे प्रमाण सुमारे ५८ टक्क्यांवरून ७६ टक्क्यांवर गेले. वर्षाअखेरीस, सर्वोत्तम विद्यापीठीय खेळाडूला दिला जाणारा हाइजमन करंडक त्याला मिळाला. एलएसयूच्या खेळाडूला तो १९५९नंतर प्रथमच मिळत होता.

या बदलाची खरी परीक्षा ७ सप्टेंबरला ऑस्टिनमध्ये टेक्सासविरुद्ध झाली. एलएसयू ३७-३१ने पुढे होते, तीनेक मिनिटांहून कमी वेळ उरला होता आणि तिसऱ्या डाउनला, म्हणजे चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात, चेंडू आपल्याकडे राखायला तब्बल १७ यार्ड हवे होते. जुन्या एलएसयूने येथे चेंडू घेऊन धाव काढली असती, घड्याळातले सेकंद खाल्ले असते आणि चेंडू लाथाडून टेक्सासच्या स्वाधीन केला असता. या एलएसयूने पास खेळला. टेक्सासचे बचावपटू थेट अंगावर धावून आले. बरो पुढे सरकला, डावीकडे कललेल्या पावलांवरच त्याने चेंडू सोडला, जस्टिन जेफरसनने तो धावतच घेतला आणि ६१ यार्डांचा टचडाउन झाला. सामना ४५-३८ असा संपला. एवढ्या अडचणीत प्रशिक्षकांनी विश्वास दाखवला, म्हणूनच तो चेंडू फेकला गेला, असे मी आजही मानतो.

९ नोव्हेंबरला टस्कालूसा येथे अलाबामाचा वचपा निघाला. मध्यंतराला ३३-१३ अशी आघाडी होती, अलाबामाने ती भरून काढत आणली, आणि त्या निकराच्या वेळी क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर हा बुटका, चिवट धावपटू अंगावर आलेल्यांना झटकून पुढे जात राहिला. निकाल ४६-४१ लागला. पास खेळणाऱ्या संघाला धावणेही सोडून चालत नाही, हे त्या संध्याकाळी दिसले.

२८ डिसेंबरच्या उपांत्य सामन्याविषयी लिहिणे जड जाते. ओक्लाहोमाविरुद्धचा तो सामना अटलांटात होता आणि तेथे येण्यासाठी निघालेल्या एन्स्मिंगर यांच्या सुनेचे त्याच सकाळी लुइझियानातील विमान अपघातात निधन झाले. ही बातमी त्यांना सामन्यापूर्वी कळली होती. तरीही ते आपल्या जागी बसले आणि त्यांनी काम पार पाडले. बरोने पूर्वार्धातच सात टचडाउन पास दिले. सामना ६३-२८ असा सुटला. क्रीडांगणावरील धैर्याच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. मला मात्र त्या दिवशीच्या एन्स्मिंगर यांच्याविषयी वाटणारा आदर कोणत्याही खेळाडूविषयी वाटलेला नाही.

१३ जानेवारी २०२०ला न्यू ऑर्लिन्समध्ये, सलग २९ सामने जिंकून आलेल्या क्लेम्सन विद्यापीठाने १७-७ अशी आघाडी घेतली होती. एलएसयूने तो अंतिम सामना ४२-२५ने जिंकला. लगोलग ब्रेडी व्यावसायिक संघाकडे गेला, व्यावसायिक संघांच्या पुढच्या निवडप्रक्रियेत एलएसयूचे १४ खेळाडू निवडले गेले आणि २०२०मध्ये उरलेल्या संघाने पाच सामने जिंकले, पाच गमावले.