तुम्ही विचारलंत म्हणून: बायबल घेऊन बसते ती कशासाठी

"चर्चमधला मिस्सा चुकत नाही, रोज तेर्सची जपमाळ होते, मग वर बायबलचा अभ्यास कशाला?" वसई सोडून गोव्यात साष्टीत सून म्हणून आले तेव्हापासून हे ऐकतेय. त्यामागचा प्रश्नही कळतो: "बिलिव्हर झालीस काय गो?" म्हणजे कॅथलिक चर्च सोडून दुसऱ्या पंथात गेलीस काय. नाही झाले. रविवारी तुमच्याच बाकावर असते. श्रद्धावंतांनी पवित्र शास्त्र वारंवार वाचावं, हे आपल्याच चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितलंय. आणि इथे राशोलला १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्सनी सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचं, बायबलची कथा सांगणारं क्रिस्तपुराण छापलं, ते काय फक्त पाद्रींसाठी?

ही झाली वादातली उत्तरं. माझं कारण घरातलं आहे.

नवऱ्याच्या किडन्या निकामी झाल्या, डायलिसिस सुरू झालं, तेव्हा प्रार्थनेच्या गटातली एक बाई भेटायला आली. तिने त्याच्या हातात कार्ड ठेवलं. गुलाबाचं चित्र, त्यावर प्लास्टिक, आणि 'देवाशी सख्य कर, म्हणजे तुला शांती लाभेल' अशा अर्थाचं वचन. खाली बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचा आकडा, ईयोब २२:२१. जाताना आवाज उतरवून म्हणाली, "घरात कुणाचं तरी कबूल न केलेलं पाप आहे. शोधा."

तो शोधत बसला. कार्ड उशीखाली. रात्री मला उठवून विचारायचा, "कसलं पाप गो?" लहानपणी चोरलेले आंबे निघाले, आईला उलटून बोललेलं निघालं. मग शेताच्या बांधावरून भावाशी धरलेला अबोला. भावाला बोलावलं, हात जोडले. भाऊ ढसाढसा रडला. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच, "आणखी काय असेल?" शोधता शोधताच गेला.

पुष्कळ दिवसांनी मी तो बाविसावा अध्याय उघडला. ईयोब म्हणजे सगळं गमावून आजारात बसलेला माणूस. ते वचन देवाचं नाही, त्या ईयोबाचा मित्र अलीफज बोलतोय. त्याच अध्यायात थोडं आधी तो ईयोबाला म्हणतो, तुझी दुष्टाई मोठी आहे, तू विधवांना रिकाम्या हाती पाठवलंस. धादांत खोटं! पहिल्याच अध्यायात देव ईयोबाला निर्दोष म्हणतो. आणि बेचाळिसाव्यात त्याच अलीफजाला सुनावतो की, माझ्याविषयी तू माझा सेवक ईयोब याच्यासारखं यथार्थ बोलला नाहीस. माझ्या नवऱ्याच्या उशीखाली महिनोन्‌महिने त्या माणसाचं बोलणं होतं.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बघून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही, त्यांचंही नाही. हे वाचन मी मिस्सेत कितीदा ऐकलं होतं. पण त्या रात्री ते माझ्या तोंडी आलं नाही. कोण बोलतंय, कुणाला, पुढे त्या बोलण्याचं काय झालं, हे धरून वाचलेलं असतं तर आलं असतं. अभ्यास म्हणते तो एवढाच.

सासूबाईंना अक्षरओळख नव्हती आणि त्यांची श्रद्धा माझ्याहून खोल होती, हे मी आजही कबूल करते. पूर्वी मीही हेच उदाहरण देऊन बायबल मिटून ठेवायचे. पण त्यांच्या हातात असं कार्ड कुणी ठेवलं नव्हतं. आणि कुणी म्हणेल, भावाभावांचा अबोला त्या कार्डामुळेच सुटला ना? सुटला. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

बेचाळिसाव्या अध्यायात पुढे ईयोबाला त्या मित्रांसाठी प्रार्थना करावी लागते. ती बाई अजून माझ्या पुढच्या बाकावर बसते. तिच्यासाठी मला ती अजून जमलेली नाही.