फोंड्याहून परळला: पुन्हा शेक घ्यावा का, हे विचारायला

मावशीच्या पेट स्कॅनमध्ये छातीच्या मधल्या हाडात एकच ठिपका दिसला. बायोप्सी केली तर तो स्तनाचा जुनाच कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो, शेक (म्हणजे रेडिएशन) सगळं होऊन वर्षं लोटली होती. इथल्या, गोव्यातल्या डॉक्टरांचं म्हणणं, "एसबीआरटी, म्हणजे मोजक्या सिटिंगांत नेमक्या जागी मोठा शेक, करता येईल, पण त्याच भागाजवळ आधी शेक झालाय. एकदा मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलचं मत घ्या." म्हणून मावशी, तिचा मुलगा आणि मी मुंबईला जाऊन आलो. ज्यांच्या घरात आज हाच प्रश्न आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

खरी धावपळ प्रवासाआधीची. एकदा शेक बसलेल्या अवयवाला त्याचा हिशोब कायमचा लागू राहतो. त्वचा सावरते, पण बरगड्या, फुप्फुस, हृदय आणि मज्जारज्जू यांनी आधी किती डोस घेतलाय ते बघूनच नवा ठरतो. डिस्चार्ज कार्डावर "५० ग्रे, २५ सिटिंग" एवढंच असतं (ग्रे हे शेकाच्या डोसाचं माप), त्यावरून काही कळत नाही. डॉक्टरांना लागतो तो तेव्हाचा प्लॅनिंग सीटी आणि कुठे किती डोस पडला त्याचा नकाशा, डायकॉम (स्कॅन साठवायच्या) फाईलमध्ये. जिथे मावशीचा पहिला शेक झाला तिथल्या रेकॉर्ड खात्याने "जुनं आहे, मिळणार नाही" म्हणून वाटेला लावलं होतं. मावसभाऊ सरळ रेडिएशन विभागातल्या फिजिसिस्टना (डोसाचं गणित मांडणाऱ्यांना) भेटला आणि संध्याकाळपर्यंत सीडी हातात. तेव्हा अर्ज घेऊन थेट फिजिसिस्टकडेच जा.

दुसरी वस्तू म्हणजे बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक, जुन्या आणि नव्या दोन्ही. टाटात ते पुन्हा तपासतात. आजार परतला की ईआर, पीआर, हर-टू हे (गाठीला कुठलं औषध लागू पडेल ते सांगणारे) रिपोर्ट कधीकधी बदललेले असतात आणि त्यावर पुढची गोळी ठरते. ज्यांना प्रवास झेपणार नाही त्यांनी 'नव्या' नावाच्या ऑनलाइन सेवेचा विचार करावा. कागद ऑनलाइन चढवले की टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांचं मत लेखी येतं. आम्हाला समोर बसून बोलायचं होतं, म्हणून गेलो.

करमळीहून संध्याकाळची कोकणकन्या पकडली, पहाटे दादर. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी रेल्वेत स्लीपर आणि थ्री-एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. हॉस्पिटलचा सही-शिक्क्याचा छापील फॉर्म घेऊन खिडकीवरच तिकीट काढायचं. पावसाळ्यात जाणार असाल तर कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या रखडतात, त्यामुळे अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशीच पोचा. मोपा किंवा दाबोळी विमानतळावरून जाणं झटपट होतं खरं, पण हाड दुखणाऱ्या माणसाला खालच्या बर्थवर आडवं होऊन जाणं मला जास्त बरं वाटतं.

राहायला आम्ही नातेवाइकांकडे होतो. ज्यांचं मुंबईत कोणी नाही त्यांनी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे निघण्यापूर्वीच फोन करावा. जागा मिळेलच असं नाही, आणि कागदपत्रं मागतात.

टाटात नोंदणीच्या वेळी जनरल की प्रायव्हेट, हे विचारतात. तिथल्या गर्दीत रांगेत उभं राहून ते ठरवत बसू नका, घरूनच बोलून या. मग स्मार्ट कार्डावर पैसे भरायचे आणि इमारती हिंडायच्या. मेन बिल्डिंग, होमी भाभा ब्लॉक, गोल्डन ज्युबिली. चपला जुन्या, सवयीच्या घाला. मावशी पेजेचा डबा शोधत होती, शेवटी कँटीनच्या इडलीवर भागलं.

डॉक्टरांनी आमची सीडी उघडली आणि पडद्यावर जुना डोस रंगांत दाखवला. ठिपका त्या रंगांच्या अगदी काठाला होता. नेहमीच्या शेकात रोज साधारण २ ग्रे देत पाच-सहा आठवडे जातात. एसबीआरटीत तो मोठ्या मात्रेने एक ते पाच सिटिंगांत संपतो, अनेक दिशांनी एकाच जागी नेमका टाकून. त्यासाठी अंगाच्या मापाची गादी करतात, श्वासाबरोबर छाती किती हलते ते बघतात आणि प्रत्येक सिटिंगआधी मशिनवरच स्कॅन घेऊन जागा जुळवतात. घेताना काही जाणवत नाही. नंतर थकवा येतो, पहिले काही दिवस दुखणं वाढू शकतं, आणि हाड काही महिन्यांनीसुद्धा मोडू शकतं. आधी शेक झालेल्या जागी ही भीती जास्त.

आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यासाठी ही खेप वसूल झाली. मोजके ठिपके असलेल्यांना असा शेक देऊन बघितलेला सेबर-कॉमेट नावाचा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. ९९ रुग्ण, वेगवेगळे कॅन्सर, आणि शेक घेतलेले जास्त जगले. पण फक्त स्तनाच्या कॅन्सरवरच्या एनआरजी-बीआर००२ मध्ये, १२५ रुग्णांत, औषधांवर शेकाची भर घालून आजार थोपवण्यात फरक पडला नाही. मावसभावाचा चेहरा उतरला. त्याला मशिनचा शेक हवा होता. मला मात्र असं तोंडावर सांगणारा डॉक्टर आवडतो.

मावशीने विचारलं, "दुखत नाहीये तर घाई कशाला?" डॉक्टर हसले आणि म्हणाले, "घाई नाहीच, आजी." ठरलं ते असं: लेट्रोझोलसोबत रायबोसिक्लिब या गोळ्या सुरू करायच्या, तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन. ठिपका तसाच एकटा राहिला किंवा दुखायला लागला तर पाच सिटिंगांचा शेक, आणि तोही जुना डोस वजा करून आखलेला. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन आहे, पण त्याआधी दात दाखवून घ्या. काढायचे दात आधी काढावे लागतात, नाहीतर जबड्याचं हाड बिघडू शकतं. हे आम्हाला इथे कोणी बोललं नव्हतं.

पैशांचं विचाराल तर गोवा सरकारच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाख आहेत. पण कुठला उपचार कुठल्या हॉस्पिटलात बसतो हे गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जाऊन आधी विचारा, बिल झाल्यावर नको.

पुढचा पेट स्कॅन पहिला जिथे केला त्याच मशिनवर करा, म्हणजे तुलना नीट होते. सहा तास उपाशी, आणि डायबेटिस असेल तर साखरेचं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. मावशीने अपॉइंटमेंट चवथीच्या (गणपतीच्या) नंतरची मागून घेतली आहे.