डाव्या हाताचे पाच दिवस

शुक्रवार, रात्र

उजवं मनगट मुरगळल्याला आज पाच दिवस झाले. पट्टा अजून सुटलेला नाही, सगळं डाव्या हातानेच चाललंय.

घरातल्या दोन दारांमधला फरक इतकी वर्षं माझ्या ध्यानातच आला नव्हता. एकाला गोल मूठ आहे. ती घट्ट धरून पिळावी लागते. दुसऱ्याला दांडी आहे, ती कोपराने दाबली तरी भागतं. गोल मुठीचं दार मी पाच दिवस उघडंच ठेवलंय. हात ओला असो, दुखरा असो की कडेवर मूल असो, दांडी कुणालाच अडवत नाही.

मी डिझायनर आहे. प्रेरणा कुठून मिळते असं कुणी विचारलं की पानं, शिंपले, जुनी कापडं अशी नावं माझ्या तोंडी येतात. ते खरंही आहे. जॉर्ज द मेस्ट्राल या स्विस इंजिनिअरने १९४१ मध्ये कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, त्यांचे बारीक आकडे त्याला दिसले आणि त्यातून वेल्क्रो जन्मलं. माझा मनगटपट्टाही त्यावरच बसतो.

पण आज दिवसभर डोक्यात आहे ते सोलाणं, म्हणजे साल काढायचा पीलर. सॅम फार्बर हा स्वयंपाकघरातल्या वस्तूंच्या धंद्यातला अमेरिकी उद्योजक. त्याच्या बायकोला, बेट्सीला, हाताचा संधिवात होता. पत्र्याच्या बारीक दांड्याचं सोलाणं धरून सफरचंद सोलताना तिची बोटं दुखत. ते पाहून फार्बरने डिझायनरांना सोबत घेतलं, आणि १९९० मध्ये जाड, मऊ रबरी मुठीची स्वयंपाकघरातली अवजारं बाजारात आली. दुखऱ्या हातासाठी केलेली ती मूठ धडधाकट माणसांनीही आपलीशी केली. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते फार्बरचं पाहणं. बायकोला जमत नाही म्हणून त्याने सोलाणं स्वतःच्या हातात घेऊन विषय संपवला नाही. चूक सोलाण्याची आहे, हे त्याला दिसलं.

आणि अमेरिकी डिझायनर पॅट्रिशिया मूर! म्हाताऱ्या माणसांना रोज काय अडतं ते कळावं म्हणून १९७९ मध्ये, विशीतच, तिने म्हातारीचा वेश घेतला. कानात बोळे, डोळ्यांवर धूसर चष्मा, सांधे आखडावेत म्हणून पट्ट्या. वर्षभर नाही, जवळजवळ तीन वर्षं ती अधूनमधून अशी शहराशहरांतून हिंडली. माझ्या हाताला एक पट्टा आहे, तोही आठवड्याभरात निघेल. तिने ते आपणहून अंगावर घेतलं होतं. तिच्याबद्दल मी पूर्वीही वाचलं होतं, पण तेव्हा ती नुसती माहिती होती.

संध्याकाळी टेबलावरचं चित्र पुन्हा काढलं. औषधाच्या बाटलीचं झाकण, गुळगुळीत आणि गोल. त्या गुळगुळीतपणावर मी खूश होते. आता कडेला खोल खाचा दिल्यात, व्यासही थोडा वाढवलाय. नमुना हातात आला की आधी डाव्या हाताने उघडून बघायचा, मग आईच्या हातात द्यायचा आणि आपण गप्प बसून पाहायचं.